पावणेचारची भरती

दुखान, कतार
६ फेब्रुवारी १९८५

प्रिय पारू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते चुलीत घालायच्या आधी एवढी एक ओळ वाच: मला वाळवंटात तिवर सापडलं! एखादं-दुसरं झुडूप नाही. खाजणच्या खाजण, हिरवंगार, ओहोळांसकट, चिखलासकट आणि त्या चिखलाच्या वासासकट. तोच वास, पारू! आपण शाळा चुकवून कालवं फोडायला जायचो, तेव्हा परकराला लागून घरी यायचा आणि आई दारातच ओळखायची, तो. नऊ वर्षं झाली मला या देशात. कंपनीने आम्हाला घर दिलंय, घरापुढे पाइपाने पाणी घालून जगवलेली हिरवळ दिली आहे, आणि तिच्यापलीकडे नजर जाईल तिथपर्यंत तपकिरी खडक, तेलाचे नळ आणि दिवसरात्र जळणारी गॅसची ज्योत. देव इथे झाड करायचंच विसरला, असं मी नऊ वर्षं लोकांना ठणकावून सांगत आले. गेल्या शुक्रवारी ते खोटं ठरलं, आणि खोटी ठरले की चिडणारी मी चक्क आनंदाने ओरडले. माझा नवरा श्याम म्हणाला, अगं, माणसं बघतायत. बघू देत!

पण तुला लिहायचं कारण नुसता आनंद नाही. राजाभाऊचं पत्र आलंय. सरपंच झाल्यापासून माझ्या भावाची पत्रंसुद्धा ठरावासारखी असतात. पलीकडच्या तीराचं, तुमच्या खालच्या वाडीसमोरचं खाजण, जे आता शेवटचं उरलंय, ते तोडून तिथे नवा बांध घालायचं चाललंय म्हणे. चोवीस फेब्रुवारीला, रविवारी चार वाजता शाळेत ग्रामसभा. लोक का-कू करतायत, म्हणून त्याने माझ्याकडे भाषण मागितलंय. कॅसेटवर. इथून गावी जाणारा प्रत्येक माणूस सगळ्यांच्या कॅसेटी घेऊन जातो, हे तू पाहिलंच असशील. ज्याला लिहायचा कंटाळा तो टेपसमोर बसून आईशी बोलतो, आणि आई ते अंगणात बसून चारदा ऐकते. राजाभाऊला वाटतं, माझी कॅसेट कर्ण्यावर लावली की एकाहत्तर सालासारखे सगळ्यांचे हात पुन्हा वर जातील. 'तुझा आवाज अजून चालतो गावात,' असं लिहिलंय त्याने. ते पत्र तीन आठवडे माझ्या उशाखाली होतं. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला शुक्रवारी कळलं. म्हणून आधी शुक्रवार सांगते.

दुखानची आम्ही मराठी मंडळी दर थंडीत सहलीला जातो. पाच घरं, तीन गाड्या, पुरी-भाजी, थर्मास आणि कुणाच्या तरी गाडीत विसरलेली चटणी. दरवर्षी आपला तोच समुद्रकिनारा. यंदा साजिदा म्हणाली, मी तुमका खाजण दाखवतंय. साजिदा आमच्या दवाखान्यात नर्स आहे, विजयदुर्गाकडची, आपल्याच बोलीत बोलणारी. पूर्वी ती दोह्याच्या उत्तरेला, अल खोरच्या बाजूला नोकरीला होती आणि तिथल्या कोळ्यांच्या बायकांची बाळंतपणं तिने केलीत, त्यामुळे तिला तिथे सगळे मानतात. मी तिला हसले. वाळवंटात कसलं खाजण? ती म्हणाली, शशीबाय, तू बोलतंस बरा, पण जरा बघूनय बोल.

दोह्यावरून वर गेलो. खडक, खडक आणि खडक. मग एका वळणाला जमिनीच्या कडेवर हिरवी रेघ दिसली. मला वाटलं, मृगजळ हिरवंही असतं की काय! जवळ गेलो तर डांबराच्या पिंपांना बांधलेला जाड दोर आडवा, आणि त्याच्यामागे उपड्या घातलेल्या पाटीवर बसलेला एक म्हातारा. त्याचं नाव खलील. सत्तरीचा असेल. तरुणपणी मोत्यांसाठी बुड्या मारायचा, पुढे मासेमारी केली. साजिदाला बघून त्याचा चेहरा उजळला. मग त्याने आम्हाला नियम सांगितले आणि तिने ते आमच्यासाठी मराठीत केले. गाडी दोराच्या अलीकडे. झाडाची काडी मोडायची नाही. चालायचं ते त्याने रोवलेल्या खजुराच्या दांड्यांच्या कडेकडेने, एका मागोमाग एक, कारण इकडेतिकडे पाय टाकला की चिखलातून वर आलेल्या मुळ्या चिरडतात, आणि झाड श्वास घेतं ते त्या मुळ्यांनी. मी विचारलं, हे राखायला तुम्हाला नेमलं कुणी? त्याला प्रश्नच कळेना. कुणी नाही, म्हणाला. पूर्वी उंट आत सोडले, सरपणाला झाडं तोडली, आणि दोन वर्षांत जाळी रिकामी यायला लागली. माशांची पोरं या झाडांच्या पायाशी वाढतात. मग गावाने बसून ठरवलं आणि दोर बांधला.

हे ऐकताना मला राजाभाऊचं पत्र आठवलं होतं. पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. समोर एवढं दिसत होतं की लक्ष देणार कुठे! दोर ओलांडला आणि वाट सुरू झाली. आधी घट्ट वाळू, मग चिखलावर टाकलेल्या जुन्या होडीच्या फळ्या, मग गुडघ्याएवढी झाडं, मग डोक्यावर जाणारी. बोटांएवढ्या मुळ्या चिखलातून हजारोंनी वर, जणू जमिनीखाली शाळा भरली आहे आणि सगळ्या पोरांना उत्तर येतंय. आपले तेच टुणटुण उडणारे चिखलमासे नव्हते, पण एक नांगी वर करून नाचणारे खेकडे होते. बगळे होते. आणि पार टोकाला, जिथे झाडं संपून उथळ पाणी लागतं, तिथे गुलाबी ठिपके. रोहित पक्षी, शंभरावर! माझी नीता नऊ वर्षांची, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. तिला एक गळून पडलेलं पान खलीलने दिलं आणि जीभ लावायची खूण केली. 'ममी, इट्स सॉल्टी!' असं ती किंचाळली, आणि मला माझ्या तोंडात खारट चव आली. तसंच पान तू मला दिलं होतंस, पारू, माझ्या सातव्या वर्षी. मी तुला विचारलं होतं, झाडाला घाम येतो का? तू म्हणालीस, येतोच, दिवसभर समुद्र अडवून उभं राहायचं म्हणजे.

आता माझी फजिती ऐक. बारा वाजता आम्ही आत शिरलो तेव्हा खलीलने साजिदाला बजावलं होतं की एक वाजता मागे फिरा, पाणी येईल. पाऊण वाजला तेव्हा आम्ही वाटेच्या मध्यावर होतो आणि ते गुलाबी पक्षी अजून लांब. साजिदा म्हणाली, चला, यल्ला, परत. आणि मी उभी राहिले. तू मला उभं राहिलेलं पाहिलं आहेस. पदर खोचला, एक हात वर केला आणि सांगितलं की मंडळी, मी खाडीकाठची मुलगी आहे, मला भरती-ओहोटी कुणी शिकवू नये. आज एकादशी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला भरती झाली, सव्वादोनला पूर्ण ओहोटी. पाणी आत्ता उतरतंय! म्हातारा घाबरट आहे, आणि आपण एवढ्या लांबून येऊन घाबरटाचं ऐकून परत जायचं? मग दर्यावर्द्यांपासून आरमारापर्यंत सगळं दोन मिनिटांत सांगून झालं. लोकांनी त्या चिखलात टाळ्या वाजवल्या, पारू. श्यामनेही. खलील मागे उभा होता. त्याला शब्द कळले नाहीत, टाळ्या कळल्या. त्याने खांदे पाडले आणि किनाऱ्याकडे चालू लागला. मला वाटलं, जिंकले.

ते गणित तुझ्या आबांचं. त्यांनी आपल्याला पडवीत बसवून शिकवलेलं. आपल्या खाडीत ते पंधरा-वीस मिनिटांनी इकडेतिकडे होतं, एरवी चुकत नाही. पण हे आखात म्हणजे तिन्ही बाजूंनी जमिनीने आवळलेलं पाणी, त्याला आपल्या पंचांगाशी काय देणंघेणं! आम्ही पक्ष्यांपाशी पोचलो, फोटो काढले, आणि नीता म्हणाली, माझे बूट ओले का झाले? पाणी समोरून येत नव्हतं. मागून येत होतं. आम्ही ज्या ओहोळांवरून फळ्यांनी आलो ते ओहोळ आवाज न करता भरत होते, आणि फळ्या तरंगायला लागल्या होत्या. चौदा माणसं, त्यात पाच मुलं. घोट्याला लागलेलं पाणी बघता बघता पोटरीला आलं. एकाने घाईत वाट सोडली आणि मांडीपर्यंत रुतला. नीताचा पाय मुळ्यांत अडकला, ती रडायला लागली, आणि तिच्या तोंडून मराठी आलं: 'आई, मला वर घे.' सगळे माझ्याकडे बघत होते. मघाशी ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच. आणि माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा.

मग झाडांच्या शेंड्यांमागून हाक आली. खलील. तो निघून गेला नव्हता, दोर आणायला गेला होता. पिंपांना बांधलेला तोच दोर सोडून, खांद्यावर घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून एक एक दांडी हाताने चाचपत तो येत होता. बुडलेली वाट त्याला पायाने दिसत होती. त्याने दोराचं टोक श्यामच्या कमरेला बांधलं, नीताला खांद्यावर घेतलं, आणि आम्ही त्या दोराला धरून, पोरं कडेवर, चपला आखाताला अर्पण करून, दांडीमागून दांडी बाहेर आलो. पाऊण तास लागला. बाहेर आल्यावर मी त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहिले. म्हटलं, आता बोलेल. तो बोलला ते साजिदाने सांगितलं: तुमचा समुद्र चांगला असेल बाई, पण तो तिकडे आहे. एवढंच. मग त्याने चुलीवर चहाची किटली चढवली आणि मुलांना खजूर दिले. साजिदा मात्र सोडते होय! म्हणाली, शशीबाय, पुढच्या खेपेक भाषण पाण्याक दी, आमका नको. सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, पोरीच्या काळजीने. 

तुला तरी खोटं सांगत नाही. मला तिवर तोडून बांध घालायची एकाहत्तर सालची सभा दिसत होती. तेवीस वर्षांची मी, रत्नागिरीहून बी. ए. होऊन आलेली, कपाटभर पुस्तकं वाचलेली, चिखलातून भात काढून गावाची भूक मिटवायला निघालेली. माझं खोटं काहीच नव्हतं, पारू, मी त्यातल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवत होते. पण मी पुस्तकातली खाडी वाचली होती आणि तू खाडी वाचली होतीस. तू टोपली खाली ठेवून उठलीस, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, आणि म्हणालीस, तिवर काढलास तर बांध ऱ्हवाचो नाय. पाणी आधी तिवराक लागता, मगे बांधाक. बस, एवढं. आणि मी मंचावरून म्हणाले, 'गावाला भाताची काळजी आहे आणि पारूला कुर्ल्यांची! चिखलात वाढलं की चिखलाचीच माया लागते.' शाळा हसली. तुझे स्वतःचे काका-मामा हसले. तू टोपली उचललीस. मला वाटलं, जिंकले.

पुढचं तू भोगलंस, मी फक्त पत्रांतून वाचलं. दोन सालं भात आलं, माझी वाहवा झाली. तिसऱ्या श्रावणात उधाणाचं पाणी सरळ बांधावर येऊन आपटलं, कारण मध्ये त्याला थोपवायला काही उरलं नव्हतं. बांधाला खांड पडली. शेतं खारट, आणि तुमच्या खालच्या वाडीची विहीर खारट. तेव्हा माझं लग्न झालं होतं. अठ्ठ्याहत्तरला रजेवर आले तेव्हा आमच्या घरावरून दोन हंडे घेऊन तू जाताना दिसलीस. वरच्या वाडीच्या विहिरीवर, सकाळ-संध्याकाळ, दीड मैल. मी खिडकीत उभी होते. तू वर बघितलंस. मी पडदा सोडला. बांधाला दोष द्यायला मला कारणं सापडली होती: माती हलकी, कंत्राटदार चोर, बांधातलं पाणी सोडायच्या उघाडीची दारं कुजकी. प्रत्येक रजेत मी ती कारणं लोकांना सांगितली, आणि ती इतकी छान सांगितली की गाव पुन्हा तसाच बांध घालायला निघालंय. हे माझ्या बोलण्याचं पीक आहे.

शनिवारी श्याम कामावर गेल्यावर मी टेप काढला. पहिल्यांदा वीस मिनिटं बोलले. ऐकलं, तर उत्तम भाषण! टाळ्या कुठे पडतील तेही कळत होतं. पुसलं. दुसऱ्यांदा स्वतःला इतकी दूषणं दिली की त्यातही मीच मोठी दिसायला लागले. तेही पुसलं. तिसरं चार मिनिटांचं आहे. त्यात मी सांगितलंय की एकाहत्तरला मी चुकले, पारू बरोबर होती, मी तिची चेष्टा केली ती भर सभेत केली म्हणून माफीही भर सभेत मागते, आणि तिवराबद्दल मला जे माहीत आहे ते तिचंच आहे. ते ऐकताना नीता दारात उभी होती. म्हणाली, 'हू इज पारू?' मी सांगितलं, जिचं पान तू चाखलंस ती.

राजाभाऊला आज वेगळं पत्र टाकलंय की कॅसेट त्याच्याकडे येणार नाही आणि का येणार नाही. तो भडकेल. भडकू दे, भाऊ आहे, निवळेल. ही कॅसेट, हे पत्र आणि खलीलच्या हातचं ते पान घेऊन साजिदा बारा तारखेला रजेवर निघते आणि खालच्या वाडीत स्वतः तुझ्या हातात देईल. तुला नको असेल तर कॅसेट वाजवू नकोस, तिच्यावर वाडीतल्या पोरांची गाणी भरून घे, मी एका शब्दाने विचारणार नाही. पण सभेत तू उठ, पारू. आधी तू बोल. माझा आवाज लागलाच तर तुझ्यानंतर. आणि मला वाटतं, सभा शाळेत भरू देऊ नकोस. बायकांना घेऊन आधीच खांडीपाशी जाऊन बस, म्हणजे सगळ्यांना तिथे यावं लागेल. चोवीस तारखेला पंचमी आहे. पाचाची पाऊणपट पावणेचार. उधाण नसेल, पण पूर्ण भरतीचं पाणी मोडक्या बांधातून आत येताना आणि पलीकडे तिवरात शिरून शांत होताना, दोन्ही एकाच जागेवरून दिसेल. मी भाषणाने जे झाकलं ते लोकांना डोळ्यांनी बघू दे. हे सांगते आहे, पण आता माझी खात्री फक्त कागदावरची. तू रोज त्या पाण्यात उभी असतेस. गणित बरोबर आहे का, तेवढं तू बघ, आणि चुकलं असेल तर मला कळव.

तुझीच,
खिडकीतली शशिकला